लाटण्यानं लागणारा दिवा

सुजाता,

नागपूरचा तो माणूस गुरुवारी येतो म्हणाला. तोच, ज्याच्या गाडीत काचेच्या पाट्यांची खोकी असतात आणि जो तुला मॅडम आणि मला आजी म्हणायचा. त्याला आता उत्तर पाहिजे. घरोघरचे दिवे-पंखे मोबाइलवरून चालवायचं सामान आपलं दुकान कोणत्या कंपनीचं लावणार, ते एकदाचं ठरवा म्हणतो. भिंतीवरची काचेची पाटी, की बटनाच्या मागं बसणारी डबी? एकाच कंपनीला धरून राहावं लागतं, त्यांचंच ट्रेनिंग, त्यांचाच माल, तरच बिघाड झाल्यावर कंपनी फोन उचलते, हे तूच मला समजावलं होतंस. तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि मान हलवत होते. समजलं काहीच नव्हतं.

मिलिंद म्हणतो, काचेला हो म्हणून टाकू. तो आता कशालाही हो म्हणतो. चहा घेतो का रे, हो. जेवला का, हो. ताट झाकलेलं तसंच असतं. तू गेल्यापासून माझ्या पोराजवळ तो एकच शब्द उरला आहे, आणि त्याच शब्दानं तो तुझं सगळं काम उधळून टाकेल अशी मला धास्ती आहे.

म्हणून लिहायला बसले. समोर तुझी भिंत आहे.

माझ्या खोलीची ही भिंत ज्यानं पाहिली नाही त्याला वाटेल, हिला देवी येऊन गेल्या. जिकडे तिकडे पुट्टीची पांढरी ठिगळं. कंपनीचं नवीन काही आलं की तू आधी ते इथं बसवायचीस. "जे आईच्या खोलीत टिकते, तेच गिऱ्हाइकाच्या घरी जाते," हा तुझा कायदा. मी महिनाभर ते वापरायचं, आणि मग पास की नापास ते सांगायचं. नापास म्हटलं की तू पेचकस घेऊन यायचीस, स्टूलवर चढायचीस, ते काढायचीस, आणि भोकात पुट्टी भरायचीस. बाभुळगावात सासूची परीक्षा घेणाऱ्या सुना पुष्कळ असतील. सासूकडून मालाची परीक्षा करवून घेऊन धंदा करणारी तू एकटीच.

पण मी काही पहिल्यापासून अशी परीक्षक नव्हते गं. तुला ठाऊक आहे. इतरांना मात्र सांगितलं पाहिजे की ही बाई तरुणपणी किती दिवटी होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घराला नवीनच लाइट आली होती. मातीच्या भिंतीवर लाकडी पाटी, त्यावर काळं बटन. पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि बटनानं मला असा झटका दिला की हातातली परात अंगणात गेली. त्या दिवसापासून मी बटनाला बोट लावलं नाही. लाटण्यानं दाबायची. घराची भिंत पुढे विटांची झाली, बटन पांढरं झालं, मी अंगणवाडीत नोकरीला लागले, गावच्या लेकरांना ‘विजेला भिऊ नका, समजून घ्या’ असलं काहीबाही शिकवलं, आणि घरी येऊन लाटण्यानं दिवा लावला! बटनाभोवती कणकेचे डाग. बोर्डाच्या बाजूला खिळ्याला लाटणं टांगलेलं. पोळ्यांचं वेगळं, दिव्याचं वेगळं. एवढी मी शिस्तीची.

आणि या बाईसाहेबांनी तुला पाहायला आल्यावर काय म्हणावं? "इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा? कायले? आमच्या घरी काय रोज फ्यूज उडते?" आठवतं? तुझ्या बाबांचा चेहरा उतरला. तू मात्र शरबताचा ट्रे हातात धरून म्हणालीस, "उडत असन तर सांगा, आजच पाहून देतो."

लग्नानंतर तू पहिल्यांदा स्वयंपाकघरात आलीस आणि ते लाटणं पाहिलंस. मला वाटलं, आता ही हसणार, आणि हसली तर मी हिला जन्मभर सोडणार नाही. तू हसली नाहीस. टेस्टर आणलास, बोर्डाला लावलास, भिंतीला लावलास, आणि म्हणालीस, "आई, या घराले अर्थिंगच नाही. त्या लाटण्यानंच तुमाले वाचवलं."

दुसऱ्या दिवशी नव्या सुनेनं अंगणात खड्डा खणायला घेतला. हातातला हिरवा चुडा वर सारून. मग पोतंभर कोळसा आणि खडे मीठ मागवलं. खड्ड्यात मीठ, कोळसा, मीठ, कोळसा. गल्लीतल्या बाया कुंपणावर गोळा झाल्या. शेजारची शांताबाई माझ्या कानाशी आली. "अवं, हे तुही सून काय पुरून राह्यली व? मीठ-कोळसा? माणसाच्या घरात असं करत असते का?" आपण बुद्धाच्या घरची माणसं, करणी-भानामती मानत नाही. मी तिला ताठ मानेनं तसं सांगितलं. आणि आत येऊन मिलिंदला हळूच विचारलं, "हे कशासाठी करून राह्यली रे ते?" अशी माझी ताठ मान.

तू मला खड्ड्याजवळ बसवून समजावलंस. घरातली चुकार वीज इथं जमिनीत उतरते, पण जमीन ओली पाहिजे. म्हणून उन्हाळाभर या खड्ड्याला पाणी घालायचं. ते काम तू मला दिलंस. तेव्हापासून मी उन्हाळ्यात तुळशीला घालावं तसं त्या खड्ड्याला पाणी घालत आले. शांताबाई अजून तिकडून जाताना अंग चोरून चालते.

पुढे कापसाची ती वर्षं आली. आपलं दुकान म्हणजे विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग. कापूस बरा झाला की दारात जळक्या मोटारींची रांग, कापूस बुडाला की दारात कुत्रं. एका वर्षी भाव नाही, एका वर्षी पाणी नाही, मग बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी. मोटारी येईनात. मिलिंद दिवसभर रिकाम्या दुकानात तांब्याची तार सरळ करत बसायचा. एकदा दुपारी तू भाकरीचा डबा घेऊन गेलीस आणि परत येऊन मला म्हणालीस, "आई, खेड्यातून मोटार येत नसन तर आपण घरात जाऊ. यवतमाळ, घाटंजी, मारेगाव, कुठंबी पाहा, म्हातारे इथं आन् पोरं पुण्याले. त्या दोघांच्या मधात तार ओढाची हाय."

"पुण्यापर्यंत?" मी विचारलं. "खांब कोण गाडन?"

तू इतकी हसलीस की उचकी लागली.

मग सुरू झालं आपलं भांडण. ते संपलंच नाही, म्हणून आज इतकं बोलते आहे. मी म्हणायची, उठून बटन दाबायला माणसाला काय होतं? तू म्हणायचीस, ज्याला उठता येत नाही त्याला विचारा. मी म्हणायची, हे श्रीमंतांचे चोचले. माझे गुडघे गेले आणि तू उशाशी एक बटन लावून दिलंस, तेव्हा मी चोचल्यांबद्दल गप्प बसले. पण कबूल केलं नाही. तूही कबूल करून घेतलं नाहीस. भांडण जिवंत ठेवायचं तर कोणी जिंकायचं नसतं, एवढं दोघींना कळत होतं.

काचेची पाटी आली तो दिवस सांगते. काळी, चकचकीत, बोट टेकवलं की निळा ठिपका उमटतो. तुला ती फार आवडली होती. जुन्या घरात झिरी मारावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही, सगळं हवेतून. शहरातले डॉक्टर, मास्तर पाहताक्षणी हीच मागतात. तू ती बसवलीस आणि मला म्हणालीस, "लावा बोट."

मी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. तू लावलंस, दिवा लागला. मी लावलं, ढिम्म.

"आई, जोरात नाही, हळू."

"हळूच लावून राह्यली ना व. काय लाडीगोडी लावू आता?"

मग मी लाटणं आणलं. लाटण्यालाही ती ओळखेना. तू माझं बोट हातात घेतलंस आणि उजेडात धरलंस. अंगणवाडीच्या आधी मी कितीक वर्षं वेचणीला जायची. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, ती बोटांच्या शेंड्यांना टोचून टोचून कातडं असं झालं की तिथं आता गरम तवाही कळत नाही. काचेला ते बोट माणसाचं वाटेना. मला गंमत सुचली. मी बोटाला थुंकी लावली, जशी पोथीचं पान उलटताना लावतात, आणि टेकवलं. लागला दिवा!

"पाहा! थुंकी लावून दिवा लागते."

"आन् गिऱ्हाइकाले काय सांगू मी? डिलक्स मॉडेल हाय, थुंकी लावा?"

आपण दोघी पलंगावर आडव्या पडून हसलो. पण तू माझं बोट सोडलं नव्हतंस. हसता हसता तू त्याच्या शेंड्यावरून अंगठा फिरवत राहिलीस, आणि म्हणालीस, "या जिल्ह्यात अशी बोटं किती असतीन, आई." मी म्हटलं, नापास. ते पहिलं ठिगळ, खिडकीच्या बाजूचं.

तरी घाटंजीच्या सिस्टरच्या घरी तू काचच लावली होतीस. त्यांचं काम माझ्या परीक्षेच्या आधीच घेतलं होतं. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई, घरात एकट्या, मुलगा पुण्याला. मुलानंच फोनवर सगळं सांगितलं होतं: गेट, दिवे, पंखा, सगळं माझ्या मोबाइलवर दिसलं पाहिजे, चाललं पाहिजे. तू तसं करून दिलंस. पुढे एकदा दुरुस्तीला गेलीस. दिवेलागणीची वेळ. गल्लीत सगळीकडे उजेड आणि सिस्टर अंधारात बसलेल्या.

"सिस्टर, अंधारात काहून बसल्या?"

"लाइन गेली ना बाई."

"शेजारी तर हाय."

"मंग माहीच गेली असन. रोजच जाते या टायमाले."

तू पुण्याला फोन लावलास. तो म्हणाला, आई दिवा चालू ठेवून विसरते, म्हणून मी इथून बंद करतो. पोरगा वाईट नव्हता. कामाच्या टेबलावर बसून त्याला वाटत होतं, आपण आईची काळजी घेतो आहोत. आणि आई तिकडे काळोखात डाळ हातानं चाचपून निवडत होती.

तू आलीस तेव्हा तुझा चेहरा पडला होता. मला वाटलं, सिस्टर रागावल्या असतील. तू म्हणालीस, रागावल्या नाहीत आई, तेच तर. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "म्हणजे तो रोज माहा दिवा पाहते?"

मग मी विचारलं, "मंग आता काय म्हणते ते? काढून टाक म्हणते?"

"नाही. म्हणते, त्याले दिसू दे. विझवू नको देऊ."

सुजाता, इतकी वर्षं तू नागपूरला जाऊन ट्रेनिंग घेतलंस, खोक्यावरचं बारीक बारीक वाचलंस, कोणतं सामान घ्यायचं म्हणून डोकं खाजवलंस. आणि निवडायचं कसं ते त्या बाईनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. त्यानंतर तू प्रत्येक कंपनीच्या माणसाला एकच विचारायचीस, "घरातल्या माणसाचा हात मोठा, की फोन मोठा?" ते गोंधळायचे. नागपूरचा तर म्हणाला, "मॅडम, दोन्ही सेम." तू म्हणालीस, "सेम नाही चालत."

शोधता शोधता ती डबी सापडली. काडेपेटीएवढी. बोर्डाच्या आत, जुन्याच बटनाच्या मागं बसते. बटन तेच, आपलं टकटक वाजणारं. इंटरनेट गेलं तरी चालते, लाइन जाऊन आली तरी आपली जागा विसरत नाही, फोनवर दिवा दिसतो, आणि फोननं विझवला तरी भिंतीवर हात पडला की लागतोच. खोट एकच, जुन्या बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार नसते, ती ओढून आणावी लागते. मिलिंदचं म्हणणं वेगळं होतं. "हे विकावं कसं? दिसतच नाही. लोक पैसे देतात आन् भिंत होती तशीच!" त्याचंही खरं होतं. काच गिऱ्हाइकाला दाखवता येते. डबी भिंतीत गेली की तिच्याबद्दल बोलायला कोणी नाही.

तू ती माझ्या खोलीत बसवलीस, आणि माझ्या निकालाची वाट न पाहता सिस्टरकडची काच काढून तिथंही, पुण्याच्या फोनला दिवा नुसता दिसेल, विझवता येणार नाही अशी. महिना झाला. "आई, पास?" मी म्हटलं, उन्हाळा पाहू दे. उन्हाळा गेला. "पास?" दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. "आता?" व्होल्टेजचं काही सांगता येत नाही बाप्पा, राहू दे अजून. तुलाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं की डबी कधीचीच पास झाली आहे. पण पास म्हटलं असतं तर तू संध्याकाळी पेचकस घेऊन कशाला आली असतीस? रोज येऊन स्टूलवर बसायचीस, बोर्डाचं झाकण उघडून उगीच आत पाहायचीस, आणि दिवसभराचं सांगायचीस. कोणाच्या घरी कुत्रं मागं लागलं. कोणत्या मास्तरानं "बाई, तुम्ही? मालक कुठं आहेत?" विचारलं. मी नापासही म्हणत नव्हते, पासही म्हणत नव्हते. तू म्हणालीस, "तुमी मले रिटायर होईपर्यंत लटकवून ठेवा." आणि म्हणालीस, "पास केलं का त्याच दिवशी गल्लीभर पेढे वाटतो. शांताबाईले दोन."

मग ते तापाचं निमित्त झालं. यवतमाळला दवाखान्यात नेलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तिथून तू संध्याकाळी फोन केलास.

"आई, दिवा काहून नाही लावला अजून? मले इथं दिसून राह्यलं ना, बंद हाय."

मी मुद्दाम लावला नव्हता. तू फोन करावास म्हणून.

"लावतो. कायची घाई हाय?"

"पास करा ना आता तरी. आजारी माणसाले नाही म्हणत नसतात."

"पावसाळा पाहू दे," मी म्हटलं.

तू हसलीस. दम लागला तुला हसताना. मी लाटणं घेतलं, बटन दाबलं, आणि तू म्हणालीस, "हां. दिसला."

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. मी जन्मभर ऐकत आले ते. खरं असेल. पण उपदेश ऐकताना माझी नजर सारखी स्टूलकडे जात होती, तेव्हा मी फार चांगली उपासिका आहे असं काही म्हणता येणार नाही. घाटंजीच्या सिस्टर आल्या होत्या, काठी टेकत. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आणि मला म्हणाल्या, "तिनं माहा दिवा माह्या हातात देला." मग मिलिंदकडे पाहून विचारलं, "आता कोणी काही बदलणार तर नाही ना?" मिलिंद म्हणाला, हो. त्यानं प्रश्न ऐकलाच नव्हता.

हे लिहिता लिहिता गुरुवार आला.

नागपूरचा माणूस आला, बसला, हळहळला. खरंच हळहळला, मेला, त्याचेही डोळे भरले. मग बॅगेतून बॅटरीवर चालणारी नमुन्याची काचेची पाटी काढून त्यानं टेबलावर ठेवली. मिलिंद हो म्हणायला तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "थांब रे. परीक्षकाले विचारलं का?"

दोघांना पाटीसकट माझ्या खोलीत आणलं. मिलिंदला म्हटलं, तुझा फोन काढ. त्यात सुजातानं माझा दिवा टाकून ठेवला आहे, तू कधी पाहिला नसशील. तो शोधू लागला. आता विझव म्हटलं. त्यानं विझवला. मी खिळ्यावरचं लाटणं काढलं आणि बटन दाबलं. टक. दिवा लागला. पुन्हा विझव. विझला. टक. लागला. नागपूरचा माणूस तोंड उघडं टाकून लाटण्याकडे पाहत होता.

"हे तुमच्या काचेले जमते का, भाऊ?"

"आजी, लाकडानं तर नाही चालत."

"आन् बोटानं?" मी माझं बोट त्याच्या पाटीवर टेकवलं. ढिम्म. थुंकी काही लावली नाही. तो आपल्या दोघींचा मामला.

मिलिंद फोनकडे पाहत होता. मान वर न करता म्हणाला, "माय, तिकडून दवाखान्यातून ते हेच पाहत होती काय?"

"हेच."

तो स्टूलवर बसला. तुझ्या स्टूलवर. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडला माझा पोरगा, नागपूरच्या माणसासमोर, खुशाल. मी रडू दिलं. तो बिचारा माणूस पाटी बॅगेत भरून चहा न घेता जायला निघाला, तर मी त्याला बसवला आणि चहा पाजला. जाताना मिलिंद त्याला म्हणाला, "नाही भाऊ. डबीच लावू आमी." किती दिवसांनी नाही म्हणाला तो!

सुजाता, म्हटलं मी. त्यांच्यासमोर, मोठ्यानं म्हटलं: पास. पावसाळा काही पाहिला नाही. बोर्डाचं झाकण मिलिंदनं कायमचं पक्कं केलं, आता ते उघडायचं कारण नाही. भिंत रंगवून घेऊ का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, हात लावशील तर पाहा.

संध्याकाळी तुझ्या खड्ड्याला पाणी घातलं. शांताबाई कुंपणापाशी आली, आणि आज अंग न चोरता तिथंच उभी राहिली. "नागपूरचा आलता ना व? काय ठरलं मंग?"

"पास झाली सुजाता," मी म्हटलं.

तिला काय समजलं कोणास ठाऊक. डोळ्याला पदर लावून घरात गेली. तिचे दोन पेढे राहिले आहेत, पोरी. ते तू वाटणार होतीस.